माळव्याच्या मळ्यानं घरात काय बदललं, हे मोजायचं कसं?

बचत गटातल्या दहा बायका एकत्र येतात, गावालगतची वीस गुंठे जमीन खंडानं घेतात, वांगी, दोडका, मेथी, पोकळा लावतात आणि माळवं बाजारात नेतात. कोल्हापूर जिल्ह्यात अशा सामुदायिक मळ्यांना ग्रामसंघ (गावातल्या बचत गटांचा संघ), पंचायत, सामाजिक संस्था, कधी साखर कारखाना मदत करतात. वर्षाअखेरीला अहवाल लिहायची वेळ आली की त्यात एकच आकडा ठळक असतो, तो विक्रीचा. ‘एक लाख ऐंशी हजारांची भाजी विकली’ हे वाक्य खरं असलं, तरी त्या दहा घरांत काय बदललं हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी विचारायचा प्रश्न असा आहे: हा मळा नसता, तर या घरांचं हे वर्ष कसं गेलं असतं? परिणाम म्हणजे या दोन वर्षांतला फरक. एक वर्ष प्रत्यक्ष घडलेलं, दुसरं न घडलेलं. न घडलेलं वर्ष डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून त्याचा अंदाज काढायच्या पद्धती लागतात. लेखाचा बराचसा भाग त्याबद्दल आहे.

आधी वही

सर्वेक्षणाच्या आधी मळ्याचा हिशोब नीट हवा. आपण एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत, ते आपापल्या मळ्याप्रमाणे बदलून घ्यावेत.

वीस गुंठे, दहा बायका, वर्षाची विक्री १,८०,००० रुपये. खर्च असा: बियाणं आणि रोपं १४,०००, शेणखत व इतर खतं २२,०००, औषधं ९,०००, नांगरट आणि सऱ्या ५,०००, पाणीपट्टी व वीज ८,०००, जमिनीचा खंड १५,०००, टेम्पो भाडं आणि हमाली १८,०००. ठिबकचा संच ३०,००० रुपयांचा असून पाच वर्षं चालेल असं धरलं, तर दरवर्षी ६,००० रुपये झीज. एकूण ९७,०००. उरले ८३,००० म्हणजे बाईमागे ८,३००.

यात दोन चुका नेहमी होतात. पहिली चूक फुकट मिळालेल्या वस्तूंची. ठिबक अनुदानातून आलं, पहिल्या वर्षीचं बियाणं संस्थेनं दिलं, जमीन पंचायतीची म्हणून खंड नाही, मग या रकमा खर्चात धरल्याच जात नाहीत. पहिल्या वर्षाचा नफा त्यामुळं फुगतो आणि पुढं संच बदलायची वेळ आली की गट कोसळतो. गटाच्या खिशातून गेलेले पैसे एका रकान्यात आणि इतरांनी भरलेले शेजारच्या रकान्यात लिहावेत. दोन्ही रकाने धरून मळा तरतो का, हे बघायचं. पंचायतीच्या जमिनीलाही शेजारच्या रानाचा चालू खंड लावावा, कारण तीच जमीन कुणीतरी उसाला घेतली असती.

दुसरी चूक मापाची. मेथी पेंडीनं, वांगी बुट्टीनं, टोमॅटो कॅरेटनं विकला जातो. श्रावणातली मेथीची पेंडी आणि जानेवारीतली पेंडी सारख्या वजनाच्या नसतात. दर महिन्याला प्रत्येक भाजीच्या दहा पेंड्या किंवा दोन बुट्ट्या काट्यावर घालून सरासरी लिहून ठेवली, तर वर्षाअखेरी किलोत हिशोब करता येतो. मार्केट यार्डात मिळणारी विक्रीची पावती, म्हणजे पट्टी, वहीला चिकटवून ठेवावी. पट्टीवर वजन, दर आणि कापलेली रक्कम तिन्ही असतात. हातविक्रीची पट्टी नसते, ती त्याच दिवशी लिहिली नाही तर हमखास गळते.

तास आणि घरी नेलेली भाजी

वरच्या हिशोबात बायकांचे कष्ट कुठंच आलेले नाहीत. म्हणून मळ्यावर हजेरीची वही हवी आणि तिच्यात नुसती हजेरी न मांडता तास लिहायला हवेत. भांगलण, तोडणी, पेंड्या बांधणं, पहाटे सौद्याला (बाजारातल्या लिलावाला) माल घेऊन जाणं, बँकेत जाणं, बैठक, हे सगळे तास. बाजाराला जाणारी बाई पहाटे निघून दुपारी परतते, पण तिचा दिवस अनेक गटांत ‘कामाला नव्हती’ असा लिहिला जातो. गट फुटण्याचं हे एक मोठं कारण आहे.

आपल्या उदाहरणात प्रत्येकीचे आठवड्याला चार तास, वर्षाला साधारण २०० तास धरू. ८,३०० भागिले २०० म्हणजे तासाला साडेएक्केचाळीस रुपये. गावात बाईचा रोजगार सात तासांना ३०० रुपये धरला, तर तासाला सुमारे ४३ पडतात. म्हणजे कागदावर मळा रोजगारापेक्षा थोडा कमीच ठरला.

आता घरी नेलेली भाजी मोजू. प्रत्येकीनं वर्षभरात १२० किलो भाजी घरी नेली आणि मळ्यावरचा सरासरी दर किलोला २० रुपये धरला, तर २,४०० रुपये होतात. एकूण १०,७०० आणि तासाला साडेत्रेपन्न. तोच मळा आता रोजगारापेक्षा वर गेला. विक्रीच्या वहीत न येणाऱ्या या भाजीनं निकाल फिरवला, म्हणून घरी जाणाऱ्या भाजीसाठी वेगळा रकाना असल्याशिवाय मूल्यमापनाला हात घालू नये. ही भाजी कुठल्या दरानं धरायची, यावर वाद होतो. घर आधी तेवढीच भाजी विकत घेत असेल, तर वाचलेला खर्च बाजाराच्या किरकोळ दरानं धरणं योग्य. आधी तेवढी भाजी खाल्लीच जात नसेल, तर मळ्यावरचा दर धरावा आणि खाण्यातला बदल स्वतंत्र मोजावा. उदाहरणात आपण मुद्दाम कमी दर घेतला आहे.

शेवटचा प्रश्न: ते २०० तास आले कुठून? मळ्यामुळं बाईचे वर्षाला बारा रोजगार बुडाले असतील, तर ३,६०० रुपये वजा करावे लागतील. मग खरी भर ७,१०० रुपयांची. रोजगार बुडाला नाही, पण झोप कमी झाली किंवा थोरल्या मुलीवर स्वयंपाक पडला, तर पैशात वजावट दिसणार नाही, तरी किंमत कुणीतरी मोजलेली असते. घरातल्या शाळकरी मुलीला आदल्या दिवशी किती वेळ कामं करावी लागली, हा प्रश्न प्रश्नावलीत असायलाच हवा असं आमचं ठाम मत आहे. बहुतेक प्रश्नावल्यांत तो नसतो.

न घडलेलं वर्ष शोधताना

समजा मळ्याच्या आधी सदस्यांच्या घरांचं वार्षिक उत्पन्न सरासरी ९०,००० होतं आणि दोन वर्षांनी १,०८,००० झालं (घरची भाजी धरून). वाढ १८,०००. ती सगळी मळ्याची? याच काळात मजुरी वाढली असेल, उसाचा दर वाढला असेल, मुलगा इचलकरंजीला यंत्रमागावर किंवा शिरोलीच्या कारखान्यात लागला असेल. म्हणून मळा नसलेली, पण बाकी बाबतीत सारखी घरं सोबत मोजावी लागतात. त्यांचं उत्पन्न ८८,००० वरून १,००,००० झालं असेल, तर १२,००० रुपये मळ्याविनाही वाढले असते असं धरायचं. १८,००० वजा १२,००० म्हणजे ६,०००. दोन वाढींमधला हा फरक म्हणजे मळ्याचा परिणाम.

वहीतून आलेले ७,१०० आणि सर्वेक्षणातून आलेले ६,००० जवळजवळ आहेत, म्हणून दोन्हींवर थोडा भरवसा ठेवता येतो. वही सात हजार सांगते आणि सर्वेक्षण चाळीस हजार, असं झालं तर मळा अपेक्षेपेक्षा भारी निघाला असा अर्थ काढू नये. तुलना चुकलेली आहे.

तुलना चुकते ती घरं निवडताना. ज्या बायका गटात येतात त्या आधीच थोड्या पुढं असतात: घरातून परवानगी मिळते, बँकेत जायची सवय असते, सासू घर सांभाळते. त्यांची तुलना कुठल्याच गटात नसलेल्या बाईशी केली, की हा आधीचाच फरक मळ्याच्या नावावर जमा होतो. सगळ्यात चांगली तुलना मिळते ती रांगेत असलेल्या गटांत. ज्यांनी मळ्यासाठी अर्ज केला, सगळ्या अटी पूर्ण केल्या, पण निधीमुळं ज्यांचा नंबर पुढच्या वर्षी लागणार आहे, अशा गटांतली घरं आज मोजून ठेवायची. त्यांचीही तीच इच्छा आणि तीच धडपड असते. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या ग्रामसंघांकडं गटांच्या याद्या असतात, त्यामुळं असे गट शोधणं अवघड जात नाही.

शेजारचंच घर तुलनेला घेणं सोपं, पण धोक्याचं. मळ्याची ताजी भाजी गावात स्वस्त मिळायला लागली, तर शेजारणीच्या ताटातही ती जाते आणि फरक खरा असून कमी दिसतो. एकाच तालुक्यातलं, सारख्या पाण्याचं दुसरं गाव बरं. तालुका ओलांडताना मात्र सांभाळून. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि शिरोळकडं त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. गगनबावड्यात पावसाळ्यात वाफे टिकवणं हीच लढाई असते. शिरोळच्या काळ्या रानात पाण्याची सोय असेल तर बाराही महिने माळवं येतं. या दोन ठिकाणचे मळे एकमेकांसमोर ठेवून काहीही सिद्ध होत नाही.

मग पूर. पंचगंगाकाठच्या मळ्याची पहिली मोजणी २०१८ मध्ये आणि दुसरी सप्टेंबर २०१९ मध्ये झाली असती, तर ऑगस्टच्या महापुरानं मळा नापास ठरला असता. २०२१ च्या जुलैतही तेच. तुलनेचं गाव माळावरचं असेल, तर निकाल मळ्याबद्दल न राहता पुराबद्दल होतो. नदीकाठच्या मळ्याची तुलना त्याच पूररेषेतल्या गावाशी करावी, आणि पुरानंतर कोण किती आठवड्यांत पुन्हा उभं राहिलं हेही लिहावं. पाणी ओसरल्यावर मेथी टाकली की साधारण महिन्याभरात काढणीला येते, उसाचे पैसे हातात यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मळ्याचा हा उपयोग सरासरी उत्पन्नात कधीच दिसत नाही.

किती घरं घ्यायची? एकाच मळ्यातली दहा घरं एकमेकींसारखीच हलतात, कारण पाणी, बाजार, कीड सगळं एकच. त्यामुळं तीन मळ्यांतली प्रत्येकी चाळीस माणसं विचारण्यापेक्षा पंधरा मळ्यांतली प्रत्येकी आठ घरं जास्त सांगून जातात. एकच मळा मोजायचा असेल, तर टक्केवारीच्या वाटेला जाऊ नये. दहापैकी सात घरांना ‘७० टक्के’ म्हटल्यानं त्यात वजन येत नाही. त्यापेक्षा दहाही घरांचा वर्षभराचा हिशोब मांडावा.

कधी विचारायचं

पहिली मोजणी जमीन नांगरायच्या आधी. नंतर ‘मळ्याआधी किती मिळायचं?’ असं आठवणीतून विचारलं, तर माणसं जुने दिवस आहेत त्यापेक्षा वाईट सांगतात, विशेषतः विचारणारा मदत देणाऱ्या संस्थेचा असेल तर. दुसरी मोजणी नंतरच्या वर्षी, त्याच महिन्यात. गाळप हंगामात ऊसतोडणी आणि लावणीमुळं गावात रोजगार असतो, पावसाळ्याच्या मधल्या काळात तो आटतो. फेब्रुवारीतली पहिली मोजणी आणि ऑगस्टमधली दुसरी यांची वजाबाकी हंगाम मोजते. जमल्यास वर्षात तीनदा जावं: ऑगस्ट, डिसेंबर आणि एप्रिल अखेर. एप्रिल-मे महत्त्वाचा, कारण नदीवर उपसाबंदी (पाणी उचलायला बंदी) लागली की कुठला मळा विहिरीवर तगतो आणि कुठला सुकतो हे तेव्हाच कळतं.

आणि निकाल तिसऱ्या वर्षाच्या आत देऊ नये. पहिलं वर्ष मदतीचं असतं, दुसरं शिकण्याचं.

ताटात काय पडलं

आहाराचं माप घ्यायला एक सोपी, जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. १५ ते ४९ वयाच्या बाईला काल दिवसभर आणि रात्री काय खाल्लं ते क्रमानं विचारायचं आणि ते दहा अन्नगटांत बसवायचं: धान्य व कंद, डाळी, शेंगदाणे-तीळ यांसारखे दाणे, दूध, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, अ जीवनसत्त्वाच्या पिवळ्या-नारिंगी भाज्या व फळं, इतर भाज्या, इतर फळं. दहापैकी निदान पाच गट आले, तर किमान विविधता साधली असं धरतात. हे माप एका बाईवर शिक्का मारण्यासाठी नाही. बचत गटातल्या किती बायकांच्या ताटात निदान पाच अन्नगट आले, एवढंच ते सांगतं.

इथं बारकावे चुकले की सगळं चुकतं. बटाट्याची भाजी भाजीत धरायची नाही, ती धान्य-कंदात जाते. १५ ग्रॅमपेक्षा कमी खाल्लेलं मोजत नाहीत, म्हणून आमटीवर भुरभुरवलेली कोथिंबीर पालेभाजी ठरत नाही आणि पांढऱ्या रश्श्यातला खसखशीचा वाटा दाण्यांत येत नाही. संकष्टी, एकादशी, जोतिबाची यात्रा, घरातलं लग्न याच्या दुसऱ्या दिवशी विचारू नये. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच घरी भाजी असते, म्हणून भेटी आठवड्याच्या वेगवेगळ्या वारांना विभागाव्यात. उत्तर बाईनंच द्यायला हवं. तिनं काय खाल्लं ते तिच्या नवऱ्याला बहुधा माहीत नसतं, कारण ती मागं जेवते.

या मापातून मळ्याच्या आखणीबद्दलही काही कळतं. मळा नुसती वांगी, टोमॅटो आणि गवार पिकवत असेल, तर अन्नगटांची संख्या हलणार नाही, कारण ‘इतर भाज्या’ घरात आधीपासून असतात. पोकळा, चाकवत, आंबट चुका, राजगिरा यांचा एखादा वाफा आणि बांधावर लाल भोपळ्याचे दोन वेल व शेवगा, एवढ्यानं दोन नवे गट ताटात येऊ शकतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २,००० कॅलरीच्या आहारासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. पाच माणसांच्या घराला त्या हिशोबानं रोज सुमारे दोन किलो, वर्षाला सातशे किलोंच्या वर लागतील. उदाहरणातले १२० किलो त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढे. मळ्यानं कुपोषण संपवलं असं लिहायच्या आधी हा भागाकार करून बघावा.

पैसा कुणाच्या हातात

उत्पन्न वाढलं आणि बाईच्या हातात काहीच राहिलं नाही, असं घडतं. ‘घरचे निर्णय तुम्ही घेता का?’ असं विचारलं, तर ‘दोघं मिळून’ हे उत्तर ठरलेलं आहे. घडलेल्या गोष्टी विचाराव्यात. मळ्याची गेली वाटणी कुठल्या खात्यात गेली? त्यातून काय घेतलं? पाचशे रुपयांच्या वरचा शेवटचा खर्च कुणाला विचारून केला? उद्या दवाखान्याला दोन हजार लागले, तर कुठून आणाल: गटातून, माहेरून, सावकाराकडून, की आठवड्याच्या हप्त्यावर देणाऱ्या कंपनीकडून? कर्जाचं ठिकाण बदललं, तर उत्पन्नाचा आकडा छोटा असूनही बदल मोठा आहे असं आम्ही मानतो. हे प्रश्न बाई एकटी असताना, शक्यतो दुसऱ्या गावातल्या सीआरपीनं (बचत गटांना मदत करणाऱ्या अभियानाच्या कार्यकर्तीनं) विचारावेत. सासू उंबऱ्यात बसलेली असेल, तर भाजीचे प्रश्न आधी घ्यावेत आणि हे पुढच्या भेटीला ठेवावेत.

मळे बंद पडतात ते कशानं

मूल्यमापनात ‘का’ सापडलं नाही, तर आकडा पुढच्या मळ्याच्या कामाचा नाही. कोल्हापुरात सगळ्यात आधी पाणी बघावं. नदीवरून उचलणाऱ्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांची पाळी उसाच्या मापानं बसवलेली असते. उसाला पंधरा-वीस दिवसांची पाळी चालते, मेथी-पालकाला उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी लागतं. पाण्याची टाकी, शेततळं किंवा विहिरीचा हक्क नसेल तर पालेभाजी सुकते, गट हळूहळू वांग्यावर आणि शेवटी उसावर येतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बायकांचा उत्साह ओसरला. वीज रात्रीची असेल, तर मोटर चालू करायला घरातला पुरुष जातो आणि पाण्याचे निर्णयही त्याच्याकडं सरकतात.

दुसरं, जमिनीचा करार. तोंडी खंडावर घेतलेली माळाची जमीन बायका शेणखत घालून दोन वर्षांत सुधारतात आणि मालक ती परत मागतो. निदान तीन वर्षांचा लेखी करार आहे का, हे पहिल्याच भेटीत नोंदवावं. तिसरं, एकदम लागण. एका दिवशी वीस गुंठे टोमॅटो लावला, की तोडा एकदम येतो आणि सौद्यात दर पडलेला असला तरी माल द्यावाच लागतो. तीन-चार गुंठ्यांचे तुकडे दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानं लावणारे मळे किती आणि एकदम लावणारे किती, ही एक नोंद विक्रीतल्या फरकाचं बरंच काही सांगून जाते.

शेवटी, मोजणीला जाताना सुरुवातीची यादी हातात ठेवावी, आजची नव्हे. सुरू करताना बारा बायका होत्या आणि आज आठ उरल्या असतील, तर गेलेल्या चौघींच्या घरी जायलाच हवं. आठ जणींची सरासरी चांगली दिसते, कारण ज्यांना परवडलं नाही त्या निघून गेल्या. बहुतेकदा त्या भूमिहीन किंवा एकट्या कमावत्या असतात, ज्यांना वाटणीसाठी तीन महिने थांबता येत नव्हतं, कारण चूल रोजच्या रोजगारावर पेटते. त्यांच्या उत्तरावरून पुढच्या मळ्यात वाटणी आठवड्याला करायची का, कामाच्या तासाला लगेच काही आगाऊ द्यायचं का, हे ठरवता येतं. त्या चौघींचे आकडे सरासरीत धरून जे उरेल, तोच मळ्याचा परिणाम म्हणून अहवालात लिहावा, आणि तो अहवाल छापायला जाण्याआधी ग्रामसंघाच्या बैठकीत बाराही जणींसमोर वाचून दाखवावा. तासांच्या आणि घरी नेलेल्या भाजीच्या रकान्यांत सगळ्यात जास्त दुरुस्त्या तिथंच निघतात.